कॉर्डारोन लावताना

आयसीयूत नव्याने आलेल्या मुलींना दोन औषधांची धास्ती असते, पोटॅशियमची आणि नॉरॲडची. असायलाच हवी. कॉर्डारोनबद्दल मात्र तेवढं कुणी बिचकत नाही. हृदयाचे ठोके बेताल झाले की सर ऑर्डर लिहितात, अँप्यूल फुटते, पंप सुरू होतो, आणि सिस्टर पुढच्या बेडकडे वळते. वास्तविक आयसीयूतल्या औषधांमध्ये हे सर्वांत लहरी. मूळ नाव अमिओडारोन. अँप्यूलवर कुठल्याही कंपनीचं लेबल असलं तरी आमच्या तोंडी कॉर्डारोनच.

कुणाला द्यायचं, किती द्यायचं हा डॉक्टरांचा प्रांत, त्यात मी शिरत नाही. ऑर्डर लिहिली गेल्यापासून बाटली संपेपर्यंतचं राज्य मात्र आमचं. इतकी वर्षं बघून माझं मत झालंय की या औषधाने होणारा बराचसा त्रास त्या राज्यातच घडतो, आणि तिथेच टाळता येतो. नव्या मुलींना राउंडमध्ये तुकड्यातुकड्याने सांगत आले, ते इथे एका जागी लिहिते आहे. आकडे प्रौढ पेशंटचे आहेत. तुमच्या युनिटचा छापील प्रोटोकॉल वेगळा असेल तर तो आधी, मी नंतर.

१. आधी पेशंटचा हात धरा

मॉनिटर ओरडतो, पडद्यावर रुंद, वेड्यावाकड्या लाटा येतात, आणि कुणीतरी "व्हीटी, व्हीटी" म्हणत ट्रॉलीकडे धावतं. बेडजवळ जाऊन बघावं तर फिजिओवाली मुलगी आजोबांची पाठ थोपटत असते, किंवा आजोबा मजेत दात घासत असतात. लीड हलली की पडदा खोटं बोलतो. म्हणून आधी नाडी, मग "काका, कसं वाटतंय?" हा प्रश्न, मग बीपी, आणि जमलं तर बारा लीडचा ईसीजी. औषध गेल्यावर तालाचं मूळ चित्र पुसलं जातं. नंतर कार्डिऑलॉजिस्ट "आधीचा ईसीजी दाखवा" म्हणाले की खाली बघायची वेळ येते.

ठोके खरंच १७० आहेत, बीपी ७० वर आलंय, पेशंटला घाम सुटलाय, तो बरळतोय, तर त्याला औषधाची वाट बघायला लावायची नसते. तिथे शॉक द्यायचा असतो. या शब्दाने नातेवाईक हादरतात. एका काकूंनी माझा हातच धरला होता, "सिस्टर, करंट देऊन माणूस वाचतो का मरतो?" मी म्हटलं, "काकू, आधी झोपेचं औषध देतोय, त्यांना कळणारही नाही. ठोके वाट चुकलेत, त्यांना एका झटक्यात जागेवर आणायचंय." एवढं सांगायला अर्धं मिनिट लागतं, आणि तेवढ्यात दुसरी सिस्टर पॅड लावून मोकळी होते. नाडी असलेल्या पेशंटला शॉक देताना सिंकचं बटण दाबलंय का हे मोठ्याने विचारायचं. दुसरा शॉक लागला तर पुन्हा विचारायचं, कारण बरीच मशिन पहिल्या शॉकनंतर आपसूक सिंकमधून बाहेर येतात.

२. डी-फाइव्ह म्हणजे डी-फाइव्हच

आपला हात सवयीने एनएसकडे, म्हणजे नॉर्मल सलाईनकडे जातो. प्रतिजैविकं एनएसमध्ये, नॉरॲड एनएसमध्ये, मग हेही त्यातच घालावंसं वाटतं. कॉर्डारोनच्या माहितीपत्रकात पाच टक्के डेक्स्ट्रोज सांगितलेलं असतं. सलाईनमध्ये त्याचा साका बसू शकतो.

डायबेटिक पेशंटच्या वेळी हमखास वाद होतो. शुगर ३२० आहे आणि तुम्ही ग्लुकोज चढवताय? नवा आरएमओ रात्री दोनला फोनवरून "एनएसमध्ये करा" म्हणून मोकळा होतो. तेव्हा शांतपणे हिशोब सांगायचा: ५०० मिली डी-फाइव्हमध्ये २५ ग्रॅम ग्लुकोज, तेही २४ तासांत विभागून. त्याची व्यवस्था इन्सुलिन करेल. शुगर तपासत राहू, पण औषधाचं पाणी बदलायचं नाही. बहुतेक डॉक्टर हे ऐकतात. न ऐकणाऱ्यांना माहितीपत्रक वाचून दाखवावं, आवाज न चढवता.

उलटी चूकही होते. "पेशंट म्हातारा आहे, पातळ करून देऊ" म्हणत एकच अँप्यूल ५०० मिलीच्या बाटलीत टाकतात. या औषधाला फार पातळ केलेलंही चालत नाही. मिलीमागे ०.६ मिलिग्रॅमच्या खाली ते टिकत नाही, म्हणजे ५०० मिलीत १५० मिलिग्रॅमच्या निदान दोन अँप्यूल हव्यातच.

३. फेस

अँप्यूल फोडून सिरिंजमध्ये घाईने ओढलंत तर नुसता फेस येतो. तीन मिलीतलं किती आत आलं आणि किती बुडबुड्यांत राहिलं, कळत नाही. जाड सुई घ्या, सावकाश ओढा, अँप्यूल हलवू नका, बाटलीत घातल्यावर ती गदागदा हलवू नका. हलकेच उलटीपालटी करा.

हा फेस कुठून येतो हे समजलं की पुढचं निम्मं प्रकरण आपोआप उलगडतं. अमिओडारोन पाण्यात विरघळायला तयार नसतं. त्याला विरघळवण्यासाठी अँप्यूलमध्ये पॉलिसॉर्बेट ८० नावाचं द्रव्य आणि बेंझिल अल्कोहोल घातलेलं असतं. पॉलिसॉर्बेट साबणाच्या जातीचं, म्हणून फेस. औषधाचा हा सोबती औषधाइतकाच उपद्व्यापी आहे. तो थेंब लहान करतो, पीव्हीसीच्या नळीतला प्लास्टिक मऊ ठेवणारा घटक ओढून घेतो, आणि त्यातली वाईट गोष्ट म्हणजे बीपी पाडतो. आपल्याकडे सलाईनच्या बाटल्या बहुधा पॉलिथिलीनच्या असतात, त्या चालतात. प्रश्न मऊ पीव्हीसी पिशवीचा. दोन तासांहून जास्त चालणारं इन्फ्युजन तिच्यात करू नये, कारण औषधही तिच्या भिंतीला चिकटून राहतं.

४. वेग, वेग, वेग

माझ्याकडे शिकलेल्या मुलींना हा आकडा झोपेतून उठवून विचारला तरी सांगता यायला हवा. नाडी असलेल्या पेशंटला पहिला डोस १५० मिलिग्रॅम, १०० मिली डी-फाइव्हमध्ये, दहा मिनिटांत. पंपावर हा वेग ताशी ६०० मिली होतो. त्यानंतर सहा तास मिनिटाला १ मिलिग्रॅम आणि पुढचे अठरा तास मिनिटाला अर्धा मिलिग्रॅम. सहा अँप्यूल, म्हणजे ९०० मिलिग्रॅम, ५०० मिलीत घातले की वेग येतो ताशी ३३ मिली, आणि सहा तासांनी १६ ते १७. ३६० आणि ५४० मिळून ९०० होतात. बाटली बरोबर २४ तासांत संपते. संध्याकाळी सातला लावलेली बाटली पहाटे तीनला रिकामी दिसली, तर कुठेतरी गडबड झालीय हे कागद न बघताही कळावं.

गडबड होते ती दोन ठिकाणी. पहिली म्हणजे ६०० वर ठेवलेला पंप. दहा मिनिटांचा डोस संपतो, सिस्टर बाटली बदलते, आणि वेग बदलायचा राहतो. आता त्याच वेगाने मोठ्या बाटलीतलं औषध मिनिटाला १८ मिलिग्रॅमने आत चाललेलं असतं. म्हणून आमच्याकडे पहिल्या डोसला पंपात मर्यादा घालतात: १०० मिली झाले की पंप स्वतः थांबतो. दुसरी जागा सहा तासांनंतरची. ३३ चा १६.५ करायची वेळ नेमकी ड्युटी बदलताना येते. पंपावर पांढरी पट्टी चिकटवून तिच्यावर मार्करने वेळ लिहा. "एकला निम्मा करायचा" एवढंच. हँडओव्हरच्या वहीत लिहिलेलं कोण कधी वाचेल याचा भरवसा नसतो. पंपासमोर उभं राहणाऱ्याला पट्टी दिसतेच.

आता बीपी. शिरेतून दिलेल्या अमिओडारोनच्या चाचण्यांत १,८३६ पेशंटपैकी २८८ जणांचं बीपी औषधामुळे पडलं, म्हणजे शंभरात सोळा. ते बहुतेक पहिल्या काही तासांत पडतं आणि त्याचा संबंध एकूण डोसपेक्षा वेगाशी जास्त असतो. त्यामुळे पहिली दहा मिनिटं बेड सोडायचा नाही. कफ दुसऱ्या हाताला बांधा. ज्या हातात औषध चाललंय त्याच हातावर कफ फुगला की औषध अडतं, आणि कफ उतरल्यावर एकदम आत जातं. दर पाच मिनिटांनी बीपी. ११० चं ९० झालं तर डॉक्टर यायची वाट न बघता वेग कमी करा किंवा पंप थांबवा, आणि मग हाक मारा. ठोके ५० च्या खाली आले तरी तेच.

वेगाबाबत प्रत्येक औषधाचा स्वभाव निराळा असतो. एडिनोसिन याच्या अगदी उलट: ६ मिलिग्रॅम, कोपराच्या मोठ्या शिरेतून, एका झटक्यात, मागोमाग २० मिलीचा फ्लश आणि हात वर. ते रक्तात दहा सेकंदही टिकत नाही, सावकाश दिलं तर हृदयापर्यंत पोचायच्या आत संपतं. त्या काही सेकंदांत पेशंटला आपण चाललो असं वाटतं, म्हणून आधी सांगावं, "मावशी, पाच-दहा सेकंद छातीत कसंतरी होईल, घाबरू नका, मी इथेच आहे." एकाच ट्रॉलीच्या एकाच कप्प्यात ही दोन औषधं शेजारी ठेवणाऱ्याला मी पहिल्या दिवशीच जागा बदलायला लावते.

५. पंप नसेल तेव्हा

तालुक्याच्या हॉस्पिटलात पंप दोनच आणि तेही नॉरॲडला लागलेले, असं होतं. मग मायक्रोड्रिप सेट येतो. त्यात साठ थेंबांचा एक मिली धरतात, म्हणून ताशी ३३ मिली म्हणजे मिनिटाला ३३ थेंब. हिशोब फारच सोपा, आणि फसवा. मघाच्या त्या पॉलिसॉर्बेटमुळे थेंब लहान पडतात. थेंब मोजून दिलं तर पेशंटला औषध ३० टक्क्यांपर्यंत कमी पोचू शकतं. थेंब बरोबर, ठोके मात्र आटोक्यात येत नाहीत, आणि मग "औषध लागू पडत नाही" असा शेरा बसतो.

यावर साधा उपाय, बाटलीवर उभी चिकटपट्टी लावून दर तासाला पातळी कुठे हवी त्याच्या खुणा करा, आणि थेंबांवर विसंबण्यापेक्षा खुणा बघून वेग सांभाळा. ब्युरेट सेट मिळाला तर आणखी चांगलं. थेंब मोजणाऱ्या सेन्सरचा जुना पंपही इथे फसतो, हे बायोमेडिकलवाल्यांनाही सांगून ठेवा.

६. शीर

हे औषध शिरेला जाळतं. हाताच्या पंज्यावरची बारीक शीर आणि २४ गेजचं इंट्राकॅथ यावर कॉर्डारोन चालवणं मला पटत नाही. कोपराजवळची चांगली शीर, मोठं इंट्राकॅथ, आणि २४ तास चालणार असं ठरलं की सेंट्रल लाइनची मागणी. मिलीमागे २ मिलिग्रॅमपेक्षा दाट आणि तासाहून जास्त चालायचं असेल तर सेंट्रल लाइनच हवी. ५० मिलीच्या सिरिंजमध्ये सहा अँप्यूल भरून पंपाला लावायची पद्धत काही ठिकाणी आहे. ते मिलीमागे १८ मिलिग्रॅम होतं, त्याने हाताच्या शिरेची वाट लागते.

बाहेरून हलवलेल्या एका गृहस्थांचा हात आठवतो. मनगटापासून कोपरापर्यंत शिरेच्या वाटेवर लाल दोरी ताणल्यासारखी दिसत होती, बोट लावलं तर गरम आणि कडक. त्यांनी रात्रभर "आग होतेय" सांगितलं होतं, आणि प्रत्येक वेळी त्यांना उत्तर मिळालं होतं, "औषधच तसं आहे काका." तसं नसतं. आग होतेय म्हटलं की पट्टी काढून शीर बघायची. सूज असेल तर लगेच बंद, फ्लश न मारता आतलं जमेल तेवढं ओढून घ्यायचं, हात उंच ठेवायचा, नवी शीर दुसऱ्या हाताला. व्हेंटिलेटरवरचा पेशंट बोलू शकत नाही, त्याची शीर दर तासाला बघायचीच.

७. शेजारी कोण आहे?

आयसीयूत शिरा कमी आणि औषधं जास्त, म्हणून थ्री-वेला थ्री-वे जोडत जातो. कॉर्डारोनला शेजार सोसत नाही. हेपारिन आणि सोडाबायकार्ब तर अजिबात नको. हेपारिनच्या फ्लशने लाइन साफ करायला जावं तर थ्री-वेच्या पारदर्शक पोटात दूध नासावं तसा पांढरा ढग दिसतो. तो दिसला तर नळी बदला. ढकलून साफ करायचा विचारही नको. मी लॅसिक्सही त्या लाइनमधून देऊ देत नाही. एक लुमेन कॉर्डारोनचं, त्यावर नावाची चिठ्ठी, आणि मागेपुढे फ्लश डी-फाइव्हचा. दुसरं औषध द्यायला ते लुमेन सतत लागत असेल तर दुसरी लाइन मागायची.

८. पोटॅशियम, मॅग्नेशियम

जुलाब होऊन आलेला, किंवा हार्ट फेल्युअरमध्ये लॅसिक्सवर लॅसिक्स घेतलेला पेशंट, पोटॅशियम २.९, आणि आपण ठोक्यांमागे लागलोय. पोटॅशियम ४ च्या वर आणि मॅग्नेशियम २ च्या आसपास आणल्याशिवाय ठोके जागेवर राहत नाहीत. शिवाय कॉर्डारोन ईसीजीतलं क्यूटी अंतर लांबवतं. क्यूटी लांबूनही याने टोर्साद होणं तसं दुर्मीळच. पण पोटॅशियम कमी, वर ॲझिथ्रोमायसिन, उलटीसाठी एमसेट आणि रात्री गडबड करतोय म्हणून हॅलोपेरिडॉल, असं सगळं एका चार्टवर जमलं की ते दुर्मीळ राहत नाही. चार्ट भरणारी सिस्टर सगळी औषधं एका पानावर बघते. डॉक्टर बरेचदा आपापल्या विभागापुरतं बघतात. म्हणून विचारायचा हक्क आपलाच. आणि टोर्साद खरंच आलाच, म्हणजे लाटा पीळ घेत लहानमोठ्या होतायत, तर कॉर्डारोन बंद आणि मॅग्नेशियम २ ग्रॅम.

९. अरेस्टमध्ये हे नियम बाजूला

नाडी गेली, व्हीएफ आहे, तर बीपी पडायची काळजी कसली करायची? तिसऱ्या शॉकनंतर ३०० मिलिग्रॅम, म्हणजे दोन अँप्यूल, भरकन आत आणि मागोमाग फ्लश. पाचव्या शॉकनंतरही व्हीएफ असेल तर आणखी १५०. मसाज थांबवायचा नाही. फेस इथेच जास्त छळतो, म्हणून मसाज सुरू झाला की एका मुलीने अँप्यूल हातात घ्यायचीच, तिसऱ्या शॉकची वाट न बघता.

नातेवाईकांना, आणि कधी कधी ज्युनियर डॉक्टरांनाही, हे इंजेक्शन म्हणजे संजीवनी वाटतं. अमेरिकेत सिॲटलच्या रस्त्यांवर आणि घरांत अरेस्ट झालेल्यांवरचा एक अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. हॉस्पिटलात जिवंत दाखल झालेले अमिओडारोनमुळे ३४ वरून ४४ टक्क्यांवर गेले, पण घरी परतणाऱ्यांच्या संख्येत स्पष्ट फरक दिसला नाही. मसाज आणि शॉक हेच मुख्य, बाकीचं जोडीला.

१०. घरी जाताना

या औषधाला शरीरात मुक्कामाला राहायची सवय आहे. गोळ्यांवर बराच काळ राहिलेल्या पेशंटमध्ये ते निम्मं व्हायला सरासरी ५८ दिवस लागतात. शिवाय त्याच्या वजनाचा ३७ टक्के भाग आयोडीन आहे. २०० मिलिग्रॅमच्या गोळीत ७५ मिलिग्रॅम, म्हणून थायरॉइड बिघडू शकतं.

वॉर्डात पाठवताना आणि डिस्चार्जच्या वेळी दोन गोळ्या शोधा. पहिली रक्त पातळ करणारी, वॉर्फरिन किंवा ॲसिट्रोम. कॉर्डारोन सुरू असताना तिचा जुना डोस भारी पडतो. बहुतेकदा तो तिसऱ्या हिश्श्याने किंवा निम्म्याने कमी करावा लागतो. दुसरी डिगॉक्सिन, तिचाही डोस साधारण निम्मा होतो. डॉक्टरांकडून हे कार्डवर लिहून घ्या आणि घरात गोळ्या कोण देतं त्याच व्यक्तीला समजावा, बहुधा सूनबाई किंवा नातू. शेतकरी घरातल्या आजी म्हणतात, "इंजेक्शन संपलं ना सिस्टर, आता जुनीच गोळी चालू करते." तिथे थांबून, जुनं पाकीट त्यांच्यासमोर बाजूला काढून, नवा डोस हातात ठेवायचा. आयएनआर कधी, टीएसएच आणि लिव्हरची तपासणी कधी, ते कॅलेंडरच्या पानावर तारखेनिशी लिहून द्या. हॉस्पिटलची फाइल घरी गेल्यावर कपाटात जाते, भिंतीवरचं कॅलेंडर रोज बघितलं जातं. खोकला वाढला, धाप लागली, काळी शौच झाली किंवा हिरड्यांतून रक्त आलं, तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, हे त्याच पानाखाली मोठ्या अक्षरात लिहा.